नजर आणि नेम

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात हरभरा फुलावर आला की शेतकऱ्याची झोप जाते. दिवसा वावरात राबायचं आणि रात्री त्याच वावरात जागलीला बसायचं, असा हा हंगाम. टिनाचे डबे बडवायचे, फटाके फोडायचे, बॅटरीचा झोत फिरवत राहायचं. एवढं करूनही उजाडल्यावर कुठे ना कुठे पीक लोळवलेलं दिसतंच.

गजूचं चार एकर वावर नाल्याच्या काठाला होतं. तीन एकर हरभरा, धुऱ्याला लागून एक एकर तूर. वडील गेल्यापासून शेती त्याच्या एकट्याच्या अंगावर आली होती. सोसायटीचं कर्ज होतं, खरिपातलं सोयाबीन पावसानं नेलं होतं, आणि वर्षाचा सगळा भरवसा या हरभऱ्यावर होता.

एका सकाळी तो वावरात पोचला आणि जागीच थबकला. नाल्याकडचा पट्टा पार उद्ध्वस्त झाला होता. झाडं मुळासकट उपटलेली, माती उकरलेली, मधून खुरांनी तुडवलेली वाट. त्यानं मान वर करून पाहिलं तर पल्याडच्या पडीत जमिनीत काळविटांचा कळप उभा होता. एक काळा नर आणि त्याच्याभोवती सात-आठ बदामी माद्या. गजूच्या मनानं तिथल्या तिथे निकाल लावला. चोर सापडले होते.

घरात एक एअर रायफल पडून होती. पॉइंट 177 ची, 20 ज्यूलच्या आतली. तिला परवाना लागत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली. संध्याकाळी चौकातल्या टपरीवर त्यानं विषय काढला, तेव्हा सल्ला द्यायला चारजण पुढं आले. त्यांतला एक म्हणाला, "वर स्कोप बसव लेका. मानेत एक छर्रा बसला का कळप इकडं फिरकनार नाई."

गजूनं मोबाइल उघडला. हजार-बाराशेपासून लाखाच्या वरपर्यंत स्कोपच स्कोप. प्रत्येकावर आकडे लिहिलेले, प्रत्येकाखाली तारीफ. दोन-अडीच हजारांच्या आत चांगला कोणता, हे काही त्याला उमगेना. तेव्हा त्याला फौजीकाका आठवले.

फौजीकाकांची सगळी नोकरी फौजेत दुर्बिणी आणि नेमयंत्रं दुरुस्त करण्यात गेली होती. गावात ते आता पंपाचे स्टार्टर आणि घड्याळं दुरुस्त करत. काचेला हात लावण्याआधी हात धुऊन पुसायची त्यांची सवय मात्र अजून सुटली नव्हती.

"काका, एअर रायफलीवर काच बसवाची हाये. स्वस्तात चांगली कोनती?"

"कशासाठी?"

"नेमबाजीसाठी."

काकांनी त्याच्याकडं क्षणभर पाहिलं. पुढं काही विचारलं नाही. "बस. विचारलं त्याचं उत्तर आधी देतो."

त्यांनी वहीचा कागद घेतला आणि त्यावर 3-9x40 असं लिहिलं. "दुकानदार हेच सांगन. तीन ते नऊ म्हंजे तिनपटीपासून नऊपटीपर्यंत जवळ दिसते. चाळीस म्हंजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमधी. आता चाळिसाले नवानं भाग."

"चार पॉइंट चार."

"एवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल तुह्या डोळ्यात जाते. अंधारात तरन्या मानसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माह्यासारख्या म्हाताऱ्याची पाचाच्या आसपास. मंग नऊपट केलं का डोळा उघडा अन् उजेड अपुरा. त्याच काचेवर चारपट कर. चाळीस भागिले चार, दहा. डोळ्याले पुरून उरते. म्हून आकड्याले भुलू नको. दुपारी नऊपट झकास दिसते, पन सांज झाली का तीच काच काळी पडते."

गजूला हिशेब आवडला. काका बोलत राहिले. स्वस्तातल्या स्कोपमध्ये पट बदलायची सोय म्हणजे आत हलणारे भाग जास्त. कमी पैशांत ते सगळे भाग चांगले मिळत नाहीत. तेवढ्याच पैशांत एकाच पटीचा, 4x32 सारखा साधा स्कोप घेतला तर पैसे काचेवर पडतात. एअर रायफलीचं आणखी एक वेगळं दुखणं असतं. तिच्यातल्या स्प्रिंगचा धक्का आधी मागं आणि मग लगेच पुढं बसतो. मोठ्या बंदुकीच्या दणक्याला टिकणारा स्कोपही या उलट्या धक्क्यानं आतून खिळखिळा होतो, म्हणून एअर रायफलीसाठीच बनवलेला घ्यावा लागतो. मोठ्या रायफलीचा स्कोप साधारण शंभर यार्डांवर जुळवलेला असतो, तर एअर रायफलीचं सगळं काम दहा ते पस्तीस यार्डांतलं. अंतर जुळलं नाही तर डोळा जरा इकडंतिकडं सरकला की नेमाची फुली निशाणावरून सरकते. आणि डोळा काचेपासून तीन-चार इंच मागं राहायला हवा, तोही न ताणता.

"हे कागदावरचं झालं," काका म्हणाले. "काच कागदावर घेत नसतात. चाल."

त्यांनी पेटीतून दोन जुने स्कोप काढले, दोन्ही कोणी तरी दुरुस्तीला टाकून विसरलेले. बंदूक कुठंच नव्हती, नुसत्या दोन नळ्या. गावाबाहेरच्या पांदणीत त्यांनी बाभळीच्या फांदीला खताचं रिकामं पोतं लटकवलं, शंभर पावलं मोजली आणि एका धोंड्यावर बसले. सूर्य बुडायला आला होता.

"पोत्यावरचं वाच."

उजेड होता तोवर नऊपटीच्या काचेतून मोठी अक्षरं काय, खालचं वजन आणि किंमतही वाचता येत होती. चारपटीतून लहान अक्षरं वाचताना गजू अडखळत होता. सूर्य गेला. दहा मिनिटांत नऊपटीतलं पोतं राखाडी झालं, अक्षरं एकमेकांत मिसळली, कडेला निळसर झालर दिसू लागली. काकांनी दुसरी नळी हातात दिली. चारपटीत पोतं लहान होतं, पण मोठी अक्षरं अजून ओळखू येत होती. आणखी थोडा वेळ गेला. पहिल्या काचेत आता नुसता काळा चौकोन उरला होता, दुसरीत मात्र खताचं नाव अजून लागत होतं.

"काका, चारपटचीच घेतो," गजू खुशीत म्हणाला. आणि त्याच झोकात पुढचं निघून गेलं. "इच्यानं हरीन मरन ना?"

काकांनी नळी रुमालात गुंडाळली. रागावले नाहीत.

"नाई मरनार," ते म्हणाले. "आयक. हरनाच्या शिकारीले बाहेरदेशात जी रायफल वापरतात, तिच्या गोळीत साडेतीन हजार ज्यूलच्या घरात जोर असते. तुह्या छर्ऱ्यात वीसही नाई. तो कातड्यात शिरन अन् तिथंच राहीन. हरीन पळन, कोनाच्या तरी तुरीत जाऊन बसन, जखम चिघळन, चार-आठ दिवसांनी मरन. तुले दिसनारही नाई. काच कितीही चांगली घे, ती छर्ऱ्याचा जोर वाढवत नाई. छर्रा कुठं लागनार, एवढंच सांगते."

गजू गप्प झाला.

"दुसरं. काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत हाये. तीन ते सात वर्षं कैद. मेलं पायजे असंही नाई, मारायचा प्रयत्न केला तरी कायदा त्याले शिकारच म्हनते. पीक खाल्लं म्हून काळवीट मारायचा परवाना कोनालेच भेटत नाई. त्या यादीतलं जनावर मानसाच्या जिवावर उठलं असन, नाई तर बरं न होनारं लुळं-दुखनाईत असन, तरच मोठा अधिकारी लेखी हुकूम देते."

आता मात्र गजू उसळला. "मंग माह्या हरभऱ्याचं काय? कायद्याले हरीन दिसते, मी दिसत नाई? सोसायटीचा मानूस दारात उभा राहीन तवा त्याले काय सांगू, हरनानं खाल्लं?"

काकांनी मान हलवली. "तुही तक्रार खरी हाये. रातभर थंडीत बसनाऱ्यालेच कळते ते. तुहं पीक वाचलं पायजे, ह्यात वाद नाई. पन मले एक सांग. पट्टा कोनी खाल्ला, ते तू पाह्यलं?"

"पाह्यलं ना. सकाळी उभे होते."

"कुठं?"

"पडीतात."

"म्हंजे पडीतात उभे पाह्यले. वावरात कोन होतं, ते नाई पाह्यलं."

गजूजवळ उत्तर नव्हतं.

काका त्याला घरी घेऊन आले. कपाटातून त्यांनी एक जाडजूड दुर्बीण काढली, कातडी पट्ट्याची, 7x50. "भाग पन्नासाले सातानं."

"सात पॉइंट एक."

"तुही बाहुली पूर्न उघडली तरी पुरनारा उजेड. शेतावरच्या रातीले ह्याच्याहून बरी काच नाई. आता नीट आयक, हेच सगळ्यात महत्त्वाचं हाये. स्कोप बंदुकीले जोडलेला असते. त्यातून पाह्याचं म्हंजे नळी तिकडं रोखा लागते. काय हाये ते कळायच्या आधीच नेम धरून झालेला असते. फौजेत नव्या पोरायले पह्यलं हेच शिकवत, का ओळख पटल्याशिवाय नळी कोनाकडं वळवायची नाई. दुर्बिनीले नळी नसते. तिच्यातून नुसतं पाह्याचं. पाच राती बस. कोन आलं, किती वाजता, कुठून, काय खाल्लं, वहीत लिहिजो. मंग ये. तवाही तुले स्कोपच पायजे असन, तर मी सोता अमरावतीले येऊन निवडून देतो."

गजूला हे फारसं पटलं नाही. पण दुर्बीण फुकट मिळत होती आणि काकांचा शब्द मोडवत नव्हता. त्या रात्री तो मचाणावर बसला तेव्हा एअर रायफल घरीच राहिली.

पहिल्या रात्री बारा वाजून गेल्यावर नाल्यातून डुकरं आली. दुर्बिणीत आधी नुसती काळी ढेकळं हलल्यासारखी दिसली, मग ओळीनं नऊ जनावरं. तुरीच्या कोपऱ्यात धुरा खचला होता, बरोबर तिथूनच ती आत शिरली. मुसकटानं माती उलटत, झाडं मुळासकट बाहेर फेकत निघाली. गजूनं डबा बडवला तशी पळाली, आणि तासाभरात त्याच खिंडारातून परत आली. उपटलेली झाडं आणि उकरलेली माती कुणाची, हे त्याला पहिल्याच रात्री कळलं.

दुसऱ्या रात्री साडेतीनच्या सुमाराला रोही, म्हणजे नीलगायी, आले. घोड्याएवढी दोन जनावरं, पुढं नर. ती खिंडाराला जात नव्हती. पांदणीकडून काट्यांच्या कुंपणावरून पाय टाकत सरळ आत आली आणि चरत चरत मधोमध चालत गेली. तुडवलेली वाट त्यांची होती.

काळवीट उजाडताना आले. गजूनं दुर्बीण त्यांच्यावर धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. कळपातली बहुतेक पडीतातलं गवत खात होती. तीन माद्या धुरा ओलांडून कडेच्या हरभऱ्यात आल्या, वरचे शेंडे खुडले, दोन पावलं चालल्या, पुन्हा मान वर करून चौफेर पाहिलं. काही वेळानं परत फिरल्या. नुकसान होतं, नाही असं नाही. पण ज्या पट्ट्यासाठी त्यांना शिक्षा द्यायची ठरली होती, त्या पट्ट्याकडं त्या गेल्याही नव्हत्या. एका मादीच्या कानाला जुनी चीर होती आणि तो कान ती सारखा फडफडवत होती, हेही गजूला दिसलं.

तिसऱ्या रात्री जे झालं, त्यानं ही गोष्ट बदलली.

त्या आठवड्यात शेतीपंपांना लाइन रात्रीची होती. शेजारच्या वावरातले स्प्रिंकलर फिरत होते आणि त्यांच्या टकटक आवाजावर गजूला डुलकी लागली. आवाज थांबला तशी त्याला जाग आली. अडीच वाजले होते. चांदणं विरळ, दवाचा धूर जमिनीलगत पसरलेला. आणि त्याच्या नि शेजारच्या धुऱ्यावर, चाळीस पावलांवर, एक मोठी तपकिरी आकृती हरभऱ्यात तोंड घालून उभी होती. पाठ वाकलेली, डोकं खाली, मधूनच हलणारी.

रोही. गजूला तिळमात्र शंका नव्हती. दोन रात्रींचा राग उसळून आला आणि हात आपोआप बाजूला गेला, जिथं रायफल असती तिथं. हाताला दुर्बीण लागली.

त्यानं ती डोळ्यांना लावली. मागचं चाक फिरवलं. तपकिरी पाठ स्पष्ट झाली, आणि ती पाठ म्हणजे घोंगडी होती. घोंगडीच्या आत दामूकाका होते, शेजारच्या वावराचे, साठी ओलांडलेले. पंप बंद करून ते पाइप बदलायला आले होते. ओणवं होऊन त्यांनी स्प्रिंकलरचं नोझल काढलं होतं आणि त्यात अडकलेला खडा बाभळीच्या काट्यानं टोकरत होते. दुर्बिणीत त्यांची थंडीनं कापणारी बोटं दिसत होती, तोंडात धरलेली बारकी बॅटरी दिसत होती. खडा निघाला तसं त्यांनी नोझल तोंडाशी नेऊन फुंकलं आणि परत बसवलं.

गजूनं दुर्बीण खाली ठेवली. साध्या डोळ्यांना तिथं अजूनही रोहीच दिसत होता. त्याचे पाय थरथरत होते. तो मचाणावरून उतरला, दामूकाकांना हाक मारली, आणि दोघांनी मिळून उरलेले पाइप बदलले. छर्रा चाळीस पावलांवरून माणसाचा डोळा फोडू शकतो, हे गजूला ठाऊक होतं. त्या रात्री हाताशी रायफल असती, तर वर चारपटीची काच असून नसून सारखंच झालं असतं. कारण नेम धरायचा हे त्यानं पाहण्याआधीच ठरवलेलं होतं.

सकाळी तो न जेवताच बसून राहिला तेव्हा आजीनं विचारलं. आजी महानुभाव पंथाची उपदेशी. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या स्थानांना रोज दंडवत घातल्याशिवाय तिच्या तोंडात पाणी जात नसे. गजूनं तिला सगळं सांगितलं, स्कोपसकट.

आजी शांतपणे ऐकून घेत होती. मग तिनं चक्रधर स्वामींची सशाची लीळा सांगितली. पारध्यांच्या तावडीतून सुटलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन दडला. पारधी मागून आले आणि आमचा ससा द्या म्हणू लागले. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही. "पन एक ध्यानात ठेव," आजी म्हणाली. "स्वामींनी पारध्यायले हाकललंही नाई. त्यायच्याशी बोलले. जीव सशालेही होता अन् त्यायलेही. त्या दिवशी फौजीनं तुह्यासंगं तेच केलं."

थोडं थांबून ती पुढं बोलली. "आनखी आयक. म्हाइंभटांनी लीळा लिहिल्या त्या ह्याच गावात. स्वामी गेल्यावर. ज्यानं जे डोळ्यानं पाह्यलं, कानानं आयकलं, त्याच्याकडं जाऊन जाऊन इचारलं. नागदेवाचार्यांपुढं ठेवलं, पारखून घेतलं, अन् मंग लिहिलं. मनात आलं ते लिहून टाकलं असतं, तर आज कोनी हात जोडले असते का त्या पोथीले?"

म्हाइंभटांचं हे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या अखेरीस, 1278 च्या सुमाराला सिद्ध झालं. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ रिद्धपूरचा, म्हणून आज मराठी भाषा विद्यापीठही याच गावात आलं आहे. गजू ते शाळेपासून ऐकत आला होता. पण विचारून, पाहून, पारखून मग लिहिणं हे वावरातल्या माणसालाही लागू पडतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

पाच रात्री पुऱ्या करून तो वही घेऊन फौजीकाकांकडं गेला. वहीत वेळा होत्या, वाटा होत्या, जनावरांची संख्या होती. वावराचा नकाशा काढून त्यानं खिंडार आणि पांदणीची बाजू लाल पेनानं दाखवली होती.

"मंग?" काकांनी विचारलं. "अमरावतीले केव्हा निघाचं?"

"निघू काका. पन दुर्बिनीसाठी. स्कोप नाई पायजे."

काकांनी कसला उपदेश केला नाही. नकाशा पुढ्यात ओढला आणि कामाला लागले. डुक्कर खालून घुसतं, म्हणून झटका मशीनची पहिली तार जमिनीपासून वीतभर उंचीवरच हवी, आणि त्याखाली गवत वाढू द्यायचं नाही, नाही तर झटका जमिनीत उतरतो. रोही वरून येतो, म्हणून पांदणीच्या बाजूला छातीएवढ्या उंचीपर्यंत तारा चढवायच्या. झटका मशीन सौर बॅटरीवर चालतं. साधारण सेकंदाला एक, असा क्षणभराचा झटका देतं. जनावर बिचकून मागं फिरतं, मरत नाही. "पन एक गोष्ट कोनी कितीही सांगितली तरी करजो नको," काकांचा आवाज इथं कडक झाला. "घरची लाइन तारेत सोडाची नाई. त्यात डुक्कर मरते, वाघ मरते, अन् दामूसारखा पानी द्याले आलेला मानूसही मरते. विदर्भात किती घरं बसली त्याच्यापायी."

एकट्याच्या खिशाला हे सगळं झेपणारं नव्हतं. गजूनं दामूकाका आणि आणखी दोन शेजाऱ्यांना वही दाखवली. डुकरं सगळ्यांच्याच वावरात जात होती आणि प्रत्येकजण वेगवेगळ्या जनावराला शिव्या देत होता. चौघांनी मिळून चार वावरांभोवती एकच कुंपण घातलं; मधल्या धुऱ्यांच्या तारा वाचल्या आणि खर्च वाटला गेला. खचलेला धुरा दगडमातीनं बांधून काढला. जागलीची पाळी लावली, म्हणजे तीन रात्री झोप आणि चौथ्या रात्री जागरण.

झालेल्या नुकसानीसाठी वनविभागाकडं अर्ज करता येतो, हे गजूनं ऐकलं होतं, पण कधी केला नव्हता. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो आणि मग पंचनामा होतो. आधीच्या पट्ट्याची मुदत उलटून गेली होती. पाचव्या रात्रीच्या नुकसानीचा अर्ज मात्र त्यानं वेळेत दिला, सोबत फोटो आणि वहीतली नोंद. कोणतं जनावर, हा प्रश्न पंचनाम्यात आला तेव्हा त्याच्याकडं पाहिलेलं उत्तर होतं.

अमरावतीला दुर्बीण निवडताना काकांनी तोच कस लावला. दुकानदारानं मोठे आकडे पुढं केले, दहापट, वीसपट. गजूनं स्वतःच भागाकार केला आणि 8x42 मागितली, पाच पॉइंट पंचवीस. दुकानाबाहेर येऊन सांजवेळेला समोरच्या गल्लीतल्या लांबच्या पाटीवर त्यानं ती धरली, कडेची अक्षरं वाचली, डोळे ताणले जातात का पाहिलं, आणि मगच पैसे दिले. स्कोपच्या पैशांत थोडीच भर पडली. एअर रायफल त्यानं अमरावतीतल्या मावसभावाला दिली. तो कागदी निशाणावर सराव करतो. त्यालाही स्कोप लागला नाही; ऑलिम्पिकमधल्या रायफल प्रकारांत तो लावूच देत नाहीत. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटरवर कांस्यपदक मिळवलं, ते अशाच भिंगाशिवायच्या साइटवर.

त्या वर्षी गजूचा हरभरा सगळा वाचला असं म्हणता येणार नाही. नाल्याकडचा पट्टा गेला तो गेलाच. कुंपणही मध्येच एका रात्री बंद पडलं आणि डुकरांनी तेवढ्यात हात मारला. कडेचे शेंडे काळविटांनी खुडले ते खुडलेच. पण घाटे भरले, मळणी झाली, सोसायटीचा हप्ता गेला. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. ते त्यानं एकट्यानं सोसावं असं कुणीच म्हणू नये. त्याच्या तक्रारीला शासनानं आणि समाजानं वेळेवर उत्तर दिलंच पाहिजे. जोवर ते उत्तर पुरेसं मिळत नाही, तोवर त्याला राग येणारच आणि तो राग रास्त आहे.

पण राग रास्त असला तरी त्याची नजर रास्त असतेच असं नाही. रागावलेला माणूस आधी चोर ठरवतो आणि मग पाहायला निघतो. अशा वेळी त्याला जे दिसतं ते त्यानं आधीच ठरवलेलं असतं. पडीतात उभा असलेला कळप चोर होतो आणि पाणी देणारा शेजारी जनावर होतो. वावरात जे होतं तेच घरात, भावाभावांच्या वाटणीत आणि गावच्या पंचायतीतही होतं. आपण आधी एखाद्यावर रोख धरतो आणि मग त्याच रोखातून त्याला पाहू लागतो. स्वस्त स्कोप कोणता, हा गजूचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याच्याही आधीचा एक प्रश्न राहून गेला होता, एवढंच. काचेची किंमत पावतीवर लिहिलेली असते. चुकीच्या नेमाची किंमत कुठल्याच पावतीवर नसते आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्यालाच मोजावी लागते.

म्हणून नेम धरण्याआधी पाहावं, एक नव्हे अनेक रात्री पाहावं, दुसऱ्यालाही विचारावं. पाहून झाल्यावर जे करायचं ते नेटानं करावं. ज्यानं नीट पाहिलं, त्याला उपायही बहुतेक वेळा त्या पाहण्यातच सापडतो.